सुझॅनाच्या बाजूने की बघणाऱ्यांच्या? एका चित्रविषयाचा प्रकरण अभ्यास

कलेत आणि माध्यमांत स्त्री आणि पुरुष वेगवेगळ्या पद्धतीने दाखवले जातात, हे आता फारसं कोणी नाकारत नाही. अडतं ते पुढच्या प्रश्नावर: वेगळं म्हणजे नेमकं कसं? बहुतेक चर्चा 'अंग किती उघडं आहे' इथे येऊन थांबते. ती तिथे थांबली की वाद सभ्यतेचा होतो आणि चित्र बाजूला पडतं. मला वाटतं, खरा फरक त्याच्या आधीच पडलेला असतो. घटनेतला कोणता क्षण निवडला, घटना कोणाची म्हणून सांगितली आणि बघणाऱ्याला कुठे उभं केलं, या तीन निर्णयांत तो असतो. हे तपासायला एकच कथा अनेक हातांनी रंगवलेली असेल तर बरं पडतं. अशी एक कथा आहे, सुझॅनाची. तिची चित्रं सतराशे वर्षं काढली जात आहेत.

कथा काय आहे

ही कथा दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात येते. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा हा अध्याय बायबलचा भाग मानतात, प्रोटेस्टंट परंपरा मानत नाहीत. सुझॅना ही बॅबिलोनमधल्या योआकिम नावाच्या धनिकाची पत्नी. त्याच्या घरी लोक न्यायनिवाड्यासाठी येतात, त्यामुळे त्या वर्षी न्यायाधीश म्हणून नेमलेले दोन वयस्कर पुरुष तिथेच असतात. दुपारी लोक पांगले की सुझॅना बागेत फिरायला येते आणि हे दोघे तिला रोज पाहतात. एके दिवशी फार उकडतं म्हणून ती स्नान करायचं ठरवते, दासींना तेल आणि सुगंधी लेप आणायला पाठवते, बागेची दारं लावून घ्यायला सांगते. दासी जाताच दडून बसलेले दोघे धावत बाहेर येतात. आमचं ऐक, नाहीतर तुला एका तरुणाबरोबर पाहिलं अशी साक्ष देऊ, अशी त्यांची धमकी असते. व्यभिचाराला देहदंड आहे. सुझॅना दोन्ही बाजूंचा विचार करते, नकार देते आणि मोठ्याने ओरडते.

दुसऱ्या दिवशी खटला चालतो. साक्षीदार न्यायाधीशच असल्यामुळे लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात आणि तिला मृत्यूची शिक्षा होते. तेवढ्यात दानिएल नावाचा तरुण पुढे येतो, दोघांना वेगवेगळं करतो आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारतो: तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिलं? एक मस्तकीचं झाड सांगतो, दुसरा ओक. खोटं उघडं पडतं आणि जी शिक्षा तिला होणार होती ती त्या दोघांना होते. साक्षीदारांची उलटतपासणी वेगवेगळी घेण्याची ही साहित्यातली फार जुनी नोंद आहे, आणि मला या कथेत सगळ्यात जास्त आवडणारा भाग तोच आहे.

मूळ मजकुरातले दोन बारकावे पुढे कामाला येतील. पहिला असा की सुझॅना पाण्यात उतरली, इतकंच काय तिने कपडे उतरवले, असंही प्रचलित मजकुरात कुठे म्हटलेलं नाही. तिला स्नान करायचं होतं, एवढंच आहे. दासी बाहेर पडतात आणि लगेच ते दोघे धावून येतात. दुसरा बारकावा खटल्यातला आहे. सुझॅना तोंडावर आवरण घेऊन न्यायसभेत येते आणि ते दोघे ते काढायचा हुकूम देतात. मजकूर कारणही सांगून टाकतो: तिचं सौंदर्य डोळे भरून पाहता यावं म्हणून. म्हणजे या कथेत नजर हाच गुन्ह्याचा भाग आहे आणि ती भर न्यायसभेतही चालू राहते. कथा लिहिणाऱ्याला हे लख्ख दिसलेलं होतं.

न्यायाची कथा स्नानाची कशी झाली

सुरुवातीच्या शतकांत सुझॅना ही छळ सोसून सुटलेल्या निरपराधाची खूण होती. तिसऱ्या शतकात रोमच्या हिपोलिटस या ख्रिस्ती धर्मपंडिताने तिच्यात छळ होत असलेल्या चर्चचं रूप पाहिलं. रोममधल्या प्रीटेक्स्टाटसच्या भुयारी दफनभूमीत चौथ्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे. त्यात स्त्री नाही, पुरुषही नाहीत. दोन लांडग्यांच्या मधे एक कोकरू उभं आहे. कोकरावर सुझॅनाचं नाव आणि लांडग्याजवळ 'वयोवृद्ध' अशा अर्थाचा शब्द लिहिला आहे. कोण कोणावर टपलं आहे, याबद्दल चित्रकाराने संशयाला जागा ठेवलेली नाही.

नवव्या शतकात फ्रँक राजा लोथार दुसरा याच्यासाठी स्फटिकाची एक तबकडी कोरली गेली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हाताच्या पंजाएवढ्या त्या स्फटिकावर सुझॅनाची कथा आठ प्रसंगांत कोरली आहे. बाग त्यातला एक प्रसंग. उरलेल्या जागेत आरोप, खटला, दानिएलची तपासणी, खोट्या साक्षीदारांना शिक्षा आणि शेवटी सुटका आहे. म्हणजे राजासाठी घडवलेल्या या वस्तूचा विषय न्याय होता.

त्यानंतर काही शतकांनी हा विषय युरोपातल्या तैलचित्रांत आला तेव्हा आठ प्रसंगांतले सात जवळजवळ गळून पडले. उरली बाग, उरलं पाणी, उरली निर्वस्त्र सुझॅना. याची कारणं सरळ आहेत. पुनरुज्जीवनाच्या काळात नग्न मानवी देह रंगवता येणं ही चित्रकाराच्या कौशल्याची कसोटी झाली. चित्रं चर्चच्या भिंतीवरून श्रीमंतांच्या खासगी दालनांत गेली. विकत घेणारे बहुतेक पुरुष होते, आणि धर्मग्रंथातला प्रसंग म्हटलं की नग्न चित्र घरात लावायला आडकाठी राहत नसे. रोमन पुराणकथांतल्या व्हीनस देवीपेक्षा सुझॅना जास्त सोयीची होती, कारण ती सद्गुणी होती. तिच्या सद्गुणाची कथा सांगण्याच्या निमित्ताने तिला बघता येत होतं.

तिंतोरेत्तोची बाग

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये तिंतोरेत्तोने १५५५च्या सुमारास काढलेलं सुझॅनाचं चित्र आहे. व्हेनिसच्या चित्रकलेतलं ते एक अव्वल चित्र आहे, आणि त्याची ताकद मान्य केल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. सुझॅना पाण्याच्या काठावर बसली आहे, एक पाय पाण्यात आहे. सगळा उजेड तिच्या अंगावर आहे. समोर गुलाबांच्या दाट कुंपणाला टेकून आरसा ठेवला आहे. आसपास मोत्यांची माळ, कंगवा, लेपाची कुपी आणि पांढरं रेशमी वस्त्र विखुरलं आहे. डाव्या कोपऱ्यात कुंपणाच्या टोकाला जमिनीलगत एका म्हाताऱ्याचं टक्कल पुढे आलं आहे. दुसरा कुंपणाच्या पार पलीकडच्या टोकाला, लहानसा.

इथे निवडलेला क्षण धमकीच्या आधीचा आहे. सुझॅनाला काहीच माहीत नाही, ती आरशात पाहते आहे. गुन्हा अजून घडायचा आहे, त्यामुळे चित्रात गुन्हा नाही. जमिनीवर सरपटणारा म्हातारा भीतीपेक्षा हसू आणतो. आणि त्याला जे दिसणार आहे त्याहून जास्त आपल्याला आधीच दिसलं आहे, कारण चित्रकाराने आपल्याला कुंपणाच्या आत, तिच्यासमोर आणून उभं केलं आहे. आरशाचं काम याहून सूक्ष्म आहे. ब्रिटिश समीक्षक जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये याच चित्राबद्दल लिहिलं होतं की आरशात पाहणारी सुझॅना स्वतःच स्वतःच्या प्रेक्षकांत सामील होते. मी याला एक जोड देईन. आरसा आला की जबाबदारी हलते. ती स्वतःवर खूश आहे, दागिने काढून ठेवले आहेत, सजते आहे, मग बघणाऱ्यांचं काय चुकलं, असा विचार चित्र उघडपणे मांडत नाही, पण त्याला जागा करून देतं. मूळ कथेत आरसा नाही, मोती नाहीत. ते चित्रकाराने आणले.

पुरुषांचं काय होतं तेही पाहायला हवं, कारण हा विषय फक्त स्त्रियांच्या चित्रणाचा नाही. कथेतले ते दोघे सत्ताधारी आहेत. ते निकाल देतात आणि त्यांच्या शब्दावर माणसं मरतात. चित्रात त्यांची सत्ता नाहीशी झाली. उरली ती म्हाताऱ्यांची केविलवाणी वासना, जिच्याकडे माणसाचा स्वभावच असा म्हणून पाहता येतं. पुरुषाची वासना निसर्ग म्हणून आणि स्त्रीचं शरीर कारण म्हणून दाखवलं की कथेतलं कटकारस्थान पुसलं जातं. पुरुषांनाही यात न्याय मिळत नाही. निर्णय घेणारी, बेत आखणारी आणि म्हणून दोषी ठरू शकणारी माणसं म्हणून ते उभेच राहत नाहीत.

१६१०चं चित्र

आता या प्रकरणाच्या मध्यभागी असलेलं चित्र. जर्मनीत पोमर्सफेल्डेन इथल्या वायसेनस्टाइन राजवाड्यातल्या संग्रहात ते आहे. उंची माणसाएवढी, सुमारे १७० सेंटिमीटर. सुझॅना बसली आहे त्या दगडावर सावलीत नाव आणि साल कोरल्यासारखं रंगवलं आहे: आर्तेमिझिया जेंतिलेस्की, १६१०. चित्रकर्ती रोममध्ये ८ जुलै १५९३ला जन्मली, म्हणजे तेव्हा फार तर १७ वर्षांची.

बाग गेली. झाडं नाहीत, गुलाब नाहीत, आरसा नाही, मोती नाहीत. मागे कोरीव दगडी कठडा, त्यावर निळं आकाश, आणि कठड्यावरून वाकलेले दोन पुरुष. दोघे मिळून एकच मोठा आकार होतो आणि तो सुझॅनाच्या डोक्यावर झुकलेला आहे. एक पांढऱ्या दाढीचा, लाल झग्यातला, ओठांवर बोट ठेवून गप्प बसायला सांगतो आहे. दुसऱ्याचे केस काळे आहेत, तो म्हातारा दिसतच नाही. तो पहिल्याच्या खांद्यावर रेलून त्याच्या कानात काहीतरी कुजबुजतो आहे. त्यांचं आपसांत ठरलेलं आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळतं. कटाचं असं चित्रण त्या काळच्या सुझॅनांत क्वचितच सापडतं.

सुझॅना दगडी बाकावर बसली आहे. मांडीवर पांढरं कापड, पाऊल पाण्यात. धड एकीकडे आणि मान दुसरीकडे वळली आहे, दोन्ही हात वर उचलून तळवे बाहेर केले आहेत, भुवया आक्रसल्या आहेत. शरीर आदर्श पुतळ्याचं नाही. काखेजवळ, मानेवर, पोटापाशी कातडीला खऱ्या वळ्या पडल्या आहेत. बसलेली बाई अंग पिळून दूर व्हायला बघते तेव्हा जशा पडतात, तशाच. दगड कडक आहे आणि तिला मागे सरकायला जागा नाही, हे चित्र बघणाऱ्याच्या अंगाला जाणवतं.

सुझॅना इथेही निर्वस्त्र आहे, आणि माझ्या मते प्रकरणाचा कळीचा मुद्दा हाच आहे. 'अंग किती उघडं' या मापाने १५५५ आणि १६१० यांत फरकच सापडणार नाही. बदललं ते बाकी सगळं. क्षण धमकीचा आहे. घटना तिच्यावर येते आहे आणि ती तिला नकार देते आहे. पुरुष बेत करणारे आहेत. तिंतोरेत्तोकडे आपण लपून बघणाऱ्यांच्या बाजूने होतो. इथे बघायला आलेला माणूस तिच्या चेहऱ्यावरची किळस आधी पाहतो आणि मग बाकीचं.

बाई होती म्हणून?

अमेरिकन कला-इतिहासकार मेरी गॅरार्ड यांनी १९८०च्या दशकात या चित्रावर सविस्तर लिहिलं आणि ते स्त्रीच्या अनुभवातून आलं आहे असं मांडलं. त्यात तथ्य आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर तीन गोष्टी निसटतात.

डच चित्रकार रेम्ब्रांटची १६४७ची सुझॅना बर्लिनमध्ये आहे. एक म्हातारा तिच्या अंगावरचं वस्त्र ओढतो आहे, ती वाकून स्वतःला झाकायचा प्रयत्न करते आहे आणि मान वळवून थेट आपल्याकडे बघते आहे. आपण तिथे काय करतो आहोत, हा प्रश्न त्या नजरेत आहे. पुरुष चित्रकाराने बघणाऱ्याला अशा पेचात टाकलं आहे. म्हणजे बाजू निवडता येते आणि ती लिंगावर ठरत नाही.

दुसरी गोष्ट, आर्तेमिझियाची स्वतःची पुढची चित्रं. तिने सुझॅना आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवली. इंग्लंडमधल्या बर्ली हाउसमधली १६२२ची, बर्नो इथली १६४९ची, बोलोन्यातली १६५२ची. यांतल्या काही बऱ्याच सौम्य आहेत, त्या काळच्या रिवाजाला धरून आहेत. तिला घर चालवायचं होतं, ग्राहक पुरुष होते आणि स्त्रीदेह उत्तम रंगवणारी अशी तिची ख्याती होती. मेसिनाचे संग्राहक अँतोनिओ रुफ्फो यांना १६४९ मध्ये लिहिलेल्या पत्रांत ती निर्वस्त्र बसणाऱ्या स्त्रियांच्या वाढत्या खर्चाची तक्रार करते, आणि त्याच पत्रव्यवहारात 'एक स्त्री काय करू शकते ते मी आपल्याला दाखवीन' असंही बजावते. बाजाराशी झगडणं आणि बाजारासाठी रंगवणं ही दोन्ही कामं तिने एकाच हाताने केली. यात मला विसंगती दिसत नाही; मागणी कशाची होती ते दिसतं.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. तिला वडिलांच्या, ओराझिओ जेंतिलेस्कींच्या, कार्यशाळेत शिकता आलं म्हणून हे शक्य झालं. इतर बहुतेक मुलींना नग्न देहावरून रेखाटन शिकायचा रस्ताच बंद होता. लंडनच्या रॉयल अकादमीची स्थापना १७६८ मध्ये झाली तेव्हा अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया संस्थापक सदस्य होत्या. तीनचार वर्षांनी चित्रकार योहान झोफनीने सदस्यांचं समूहचित्र काढलं. सभासद पुरुष-मॉडेलभोवती जमले आहेत आणि या दोघी मात्र भिंतीवर टांगलेल्या दोन तसबिरींत आहेत. कारण निर्वस्त्र पुरुष असलेल्या खोलीत त्यांना दाखवता येत नव्हतं. बघणारी स्त्री स्वतःच बघायची वस्तू झाली, याचा याहून नेमका पुरावा शोधूनही सापडणार नाही. त्या अकादमीत विद्यार्थिनींना जिवंत मॉडेलवरून अभ्यास करायला १८९३ साल उजाडलं, तेही मॉडेल अंशतः झाकलेलं असेल तरच. स्त्री आणि पुरुष वेगळे का रंगवले गेले, याचं अर्धं उत्तर कोणाला कोणाकडे बघायची परवानगी होती यात आहे.

चित्रकर्तीचं काय झालं

हे प्रकरण मला चित्रापाशी थांबवता येत नाही, कारण सुझॅनाच्या बाबतीत जे घडलं तेच आर्तेमिझियाच्या बाबतीत माध्यमांनी केलं.

मे १६११ मध्ये वडिलांचा सहकारी चित्रकार अगोस्तिनो तास्सी याने तिच्यावर बलात्कार केला. १६१२ मध्ये वडिलांनी तक्रार केली आणि खटला सुमारे सात महिने चालला. त्याचे कागद टिकून आहेत. साक्ष खरी आहे का हे तपासायला तिच्या बोटांभोवती दोऱ्या बांधून आवळण्यात आल्या. चित्रकार असलेल्या मुलीची बोटं. त्या वेळी ती तास्सीला उद्देशून म्हणाली, 'हीच ती अंगठी, जी तू मला देतोस, आणि हीच तुझी वचनं.' तो दोषी ठरला, रोममधून हद्दपारीची शिक्षा झाली, आणि ती पाळली गेली नाही. आर्तेमिझिया फ्लॉरेन्सला गेली आणि १६१६ मध्ये तिथल्या चित्रकारांच्या अकादमीत प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री झाली.

आज तिच्यावरचा जवळजवळ प्रत्येक लेख या खटल्याने सुरू होतो आणि तिची चित्रं म्हणजे त्या जखमेचा बदला असं सांगतो. १६१०च्या सुझॅनालाही हेच लावलं जातं. पण तारखा बघा: चित्र १६१०चं, बलात्कार १६११चा. तिला त्याआधीच त्रास दिला जात असेल असं काही अभ्यासक सुचवतात, आणि ते अशक्य नाही. तरीही चित्रावर घातलेल्या सालाकडे दुर्लक्ष करून ते तिच्या चरित्राची पुरवणी मानायची घाई का होते? दुसरीकडे, एकेकाळी काही अभ्यासकांनी या चित्राचं श्रेय तिच्या वडिलांना दिलं होतं, १७ वर्षांच्या मुलीला हे जमेल असं त्यांना वाटत नव्हतं. चित्र चांगलं म्हणून वडिलांचं, आणि तिचं ठरल्यावर बलात्काराचं. रचना, शरीराचा अभ्यास, कोरलेल्या दगडाची निवड, दोन पुरुषांतला तो गुप्त संवाद हे सगळं करणारं डोकं दोन्ही वेळा चर्चेबाहेर राहिलं.

याच्या शेजारी त्याच काळातला इटालियन चित्रकार कारावाज्जो ठेवून पाहा. १६०६ मध्ये रोममध्ये त्याने एका माणसाचा खून केला आणि तो पळाला. त्याच्यावरच्या लिखाणात तो खून येतो, पण त्याच्या प्रतिभेची गडद छटा म्हणून येतो. पुरुषाने केलेली हिंसा त्याचं व्यक्तिमत्त्व खुलवते आणि स्त्रीवर झालेली हिंसा तिचं व्यक्तिमत्त्वच होऊन बसते. चित्रात जे घडतं, तेच चरित्रलेखनात.

समाजमाध्यमांवर एक क्ष-किरण प्रतिमा अनेक वर्षं फिरते आहे. वरच्या सुझॅनाच्या खाली दुसरी सुझॅना दिसते: तोंड वासून किंचाळणारी, हातात सुरी घेतलेली. सोबत मजकूर असतो की आर्तेमिझियाने आधी हे रंगवलं होतं आणि मग तिला ते झाकायला लावलं. हे खरं नाही. ती प्रतिमा अमेरिकन चित्रकार कॅथलीन गिल्ये यांच्या १९९८च्या कलाकृतीची आहे. चित्रांचं जतन-काम केलेल्या गिल्ये यांनी १६१०च्या सुझॅनाची प्रतिकृती बनवली, तिच्या खालच्या थरात शिशाच्या पांढऱ्या रंगाने किंचाळणारी सुझॅना जाणीवपूर्वक रंगवली आणि मग तिचा क्ष-किरण काढला. ती त्यांची स्वतःची, उघडपणे मांडलेली कल्पना होती. त्यांचं नाव गळून पडलं आणि कल्पना पुरावा म्हणून फिरू लागली.

ती इतकी पसरली, कारण लोकांना जी आर्तेमिझिया हवी होती ती त्यात मिळाली. शेअर करणारे बहुतेक तिच्या बाजूचेच आहेत, त्यांचा राग खरा आहे आणि मला तो परका नाही. पण त्यात दोन चित्रकर्तींवर अन्याय होतो. गिल्ये यांचं काम त्यांच्या नावावर राहत नाही. आणि आर्तेमिझियाने प्रत्यक्षात जे रंगवलं, वर उचललेले दोन हात आणि दूर वळलेला चेहरा, ते अपुरं ठरतं. सुरीशिवायचा नकार दिसेनासा होतो. मूळ कथेत सुझॅनाकडे सुरी नव्हतीच. नकार आणि आवाज एवढंच होतं, आणि सगळा खटला त्या नकारावर उभा राहिला.

आजच्या पानावर

अमेरिकेत डेन आर्चर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक साधी मोजणी प्रसिद्ध केली. चित्रात चेहऱ्याने किती जागा घेतली आहे आणि शरीराने किती? ११ देशांतली नियतकालिकं आणि सहा शतकांतली चित्रं त्यांनी तपासली. पुरुषांच्या चित्रांत चेहरा ठळक आढळला, स्त्रियांच्या चित्रांत शरीर. विद्यार्थ्यांना माणूस काढायला सांगितल्यावर त्यांच्या हातूनही तेच झालं. आणि चेहरा मोठा असलेली व्यक्ती लोकांना जास्त बुद्धिमान वाटली. म्हणजे कोणी मुद्दाम न ठरवताही चौकट कापताना हा भेद होतो. बातम्यांत कोणाबद्दल बोललं जातं याची जागतिक पाहणी १९९५ पासून होते. तेव्हा बातम्यांत दिसणाऱ्या आणि बोलणाऱ्या व्यक्तींत स्त्रिया १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५ टक्के. पंचवीस वर्षांत आठ टक्केबिंदूंची वाढ.

सुझॅनाच्या प्रकरणाशी थेट जुळणारी जागा मात्र लैंगिक अत्याचाराच्या बातमीसोबत छापलं जाणारं चित्र ही आहे. कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेली मुलगी. चेहऱ्यापुढे धरलेला हात. भिंतीवर पडलेली पुरुषाची सावली, फार तर पुढे आलेला एक पंजा. पीडितेची ओळख जपायची म्हणून हे केलं जातं आणि ती जपायलाच हवी. पण तीन प्रश्न इथे लावून बघा. क्षण कोणता? तिच्या उद्ध्वस्त होण्याचा. घटना कोणाची? एकटीची. आणि पुरुष? तिंतोरेत्तोने कुंपणाआड ठेवलेलं टक्कल तरी दिसत होतं. इथे तो सावली झाला, म्हणजे कोणीच नाही. हेतू सहानुभूतीचा असूनही चित्राने अत्याचार ही तिच्या शरीराची अवस्था म्हणून मांडली. वाचकाला उभं केलं आहे ते वरून खाली बघणाऱ्याच्या जागी.

दुसरा क्षण निवडता येतो. सुझॅनाची कथा कोरणाऱ्या त्या स्फटिकाच्या कारागिराने आठातले बहुतेक प्रसंग न्यायसभेचे निवडले होते. बातमी तक्रार नोंदवायला लागलेल्या विलंबाची असेल तर चित्र त्या दाराचं हवं, जिथे तिला थांबवलं गेलं. बातमी सत्तेच्या गैरवापराची असेल तर त्या खुर्चीचं, त्या कार्यालयाचं. आरोपीची ओळख कायद्याने जाहीर असेल तर त्याचा चेहरा, सावली न करता. बातमी निकालाची असेल तर न्यायालयाचं. यातल्या बहुतेक चित्रांनी पीडितेची ओळख उघड होत नाही. चित्रविभागाला एवढंच करावं लागतं की 'स्त्री, अत्याचार' असं शोधून पहिली दिसणारी प्रतिमा उचलायची नाही, आणि बातमीतलं कर्तेपण कोणाकडे आहे हे आधी वाचायचं.

सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या राजसंग्रहाने जाहीर केलं की हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या भांडारात शंभराहून जास्त वर्षं पडून असलेलं, 'फ्रेंच शैली' एवढीच नोंद असलेलं सुझॅनाचं एक चित्र आर्तेमिझियाचं आहे. इंग्लंडचा राजा चार्ल्स पहिला याची राणी हेन्रिएटा मारिया हिने ते १६३८च्या सुमारास आर्तेमिझियाकडून करून घेतलं होतं आणि ते राणीच्या दालनात शेकोटीवर लावलेलं होतं. स्वच्छता करताना कॅनव्हासच्या पाठीवर चार्ल्स पहिल्याच्या संग्रहाची मोहोर निघाली आणि जुन्या याद्यांशी जुळणी झाली. घेणारी स्त्री आणि रंगवणारीही स्त्री असलेली ही सुझॅना आता आर्तेमिझियाच्या नावाने नोंदली गेली आहे. तिच्याबद्दलचं लिखाण राणीच्या मागणीपासून, रंगाच्या थरांपासून आणि रचनेपासून सुरू करायला सगळं साहित्य हाताशी आहे.